स्टीलहेडसाठी रबरी गांडूळ: आधी सरळ ओवा, रंगाचं नंतर बघू

तुमची अडचण थोडक्यात अशी: दोन वर्षांपूर्वी पुण्याहून वॉशिंग्टन राज्यात रेडमंडला आलात, या हिवाळ्यात स्नोक्वाल्मी नदीवर स्टीलहेडसाठी, म्हणजे समुद्रात जाऊन नदीत परतणाऱ्या रेनबो ट्राउट माशासाठी, चार शनिवार घालवले. गुलाबी रबरी गांडूळ पाच-सात फेकींतच गळाच्या वाकात गोळा होऊन बसतं, लीडरला, म्हणजे गळ बांधलेल्या शेवटच्या बारीक दोरीला, इतका पीळ पडतो की कापूनच टाकावा लागतो, आणि मासा एकदाही लागलेला नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, गळ कितीचा लावू आणि गुलाबी सोडून दुसरा रंग घेऊ का?

रंग बदलू नका. गुलाबीच ठेवा. गोळा होणं, पीळ पडणं आणि मासा न लागणं या तीन वेगळ्या तक्रारी नाहीत, एकच आहे. तुमच्या गांडुळातून दोरी मधोमध जात नाहीये. तुम्ही ते गळाच्या टोकानेच ओवता, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. मीही पहिला अख्खा हिवाळा तेच केलं होतं.

माझं लहानपण चिपळूणला वाशिष्ठीच्या काठी गेलं. काकांबरोबर गरवायला जायचो. गांडूळ गरीवर चढवताना काका म्हणायचे, पायात मोजा चढवतोस तसं चढव. ते चुरगळलं तरी तिथे काही बिघडत नसे, कारण खरं गांडूळ वळवळतं, त्याला वास असतो, आणि मासा भुकेलेला असतो. इथे यातलं काहीच नाही. रबराला जीव नाही, आणि हिवाळी स्टीलहेड समुद्रातून नदीत शिरल्यावर खाणं जवळजवळ सोडून देतो. तो गांडुळाला तोंड लावतो ते बहुतेक वेळा पोट भरायला नाही, समोरून सावकाश जाणारी मऊ, लांबट वस्तू त्याला डिवचते म्हणून. ती वस्तू नैसर्गिकपणे वाहत यायला हवी. भिंगरीसारखी गरगरत आली तर तो बाजूला सरकतो. रबरी गांडुळाकडे दाखवण्यासारखं एकच असतं, ते म्हणजे त्याची पाण्यातली ठेवण. ती बिघडली की हातात गुलाबी रबराचा तुकडा उरतो.

ओवण्याकडे वळण्याआधी नियमांबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण नवीन माणूस इथेच फसतो. वॉशिंग्टन राज्यात वासाने किंवा चवीने मासा ओढणारी कुठलीही गोष्ट आमिष धरली जाते, मग ती रबराची का असेना. लसणाचा किंवा कोळंबीचा वास लावलेलं रबरी गांडूळ कायद्याच्या दृष्टीने आमिषच आहे. ज्या पट्ट्यात आमिषाला बंदी आहे तिथे ते चालत नाही. तुमच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. मी स्वतः बिनवासाचीच विकत घेतो, म्हणजे प्रत्येक नदीवर पाकीट उलटून बघायला नको. दुसरी गोष्ट गळाची. स्टीलहेडच्या पाण्यावर बहुतेक ठिकाणी एकाच टोकाचा, उलटा काटा नसलेला गळ लागतो. दुकानात तसे मिळतात, नाहीतर पकडीने काटा दाबून सपाट करायचा. कापूस गळावरून ओढून पाहा, अडकला नाही म्हणजे नीट दाबला गेलाय. इथले नियम हंगामाच्या मधेही बदलतात. प्युजेट साउंडला, म्हणजे सिएटलजवळच्या आखाताला, मिळणाऱ्या नद्यांतला स्टीलहेड २००७ पासून संघराज्याच्या कायद्याखाली धोक्यातली प्रजाती म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे परतणाऱ्या माशांची संख्या कमी दिसली की नदी अचानक बंद होते. घरातून निघायच्या आधी त्या दिवसाचा नियम पाहायची सवय लावून घ्या. आदल्या आठवड्याचा पाहिलेला कामाचा नाही.

आता गांडूळ. लांबी साधारण तीन ते सहा इंच मिळते. पाणी नितळ आणि थोडं असेल तर तीन-चार इंची, हिरवट आणि भरलेलं असेल तर पाच-सहा इंची. एकच पाकीट घ्यायचं असेल तर चार-पाच इंचांचं घ्या. पाकीट हातात घेऊन गांडूळ बोटावर आडवं ठेवा. दोन्ही टोकं लगेच लोंबली तर ते मऊ आहे. काठीसारखं ताठ राहिलं तर परत ठेवा, कारण जानेवारीत पाणी ३८-४० अंश फॅरेनहाइटवर असतं आणि त्या थंडीत रबर आणखी कडक होतं. दुकानात जे जरा जास्तच लिबलिबीत वाटतं ते नदीत बरोबर वागतं. आणि पाकिटातच मुडपून राहिलेलं गांडूळ कितीही नीट ओवलं तरी सरळ पोहत नाही. तसं असेल तर कपभर गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, बाहेर काढून टेबलावर सरळ ठेवा आणि गार होऊ द्या.

ही गांडुळं त्यांच्या मूळ पाकिटातच राहू द्या. मी एकदा गुलाबी, जांभळी, नारिंगी सगळी एका पारदर्शक कडक डब्यात भरली. फेब्रुवारीपर्यंत सगळ्यांचा रंग बिटाच्या कोशिंबिरीसारखा झाला होता आणि डब्याचा तळ वितळून चिकट झाला होता. रबर मऊ ठेवणारं जे तेलकट द्रव्य त्यात असतं, ते काही प्रकारचं कडक प्लास्टिक खातं.

आता मुख्य काम. यासाठी एक सुई लागते. मासेमारीच्या दुकानात गांडूळ ओवायची लांब, बारीक सुई मिळते. तिच्या टोकाला क्रोशाच्या सुईसारखी आकडी असते, आणि त्या आकडीला उघडझाप करणारी इवलीशी पट्टी. किंमत चार-पाच डॉलरच्या आसपास. सगळ्यात बारीक मिळेल ती घ्या. जाड सुईने भोक मोठं पडतं, दोरी त्यात सैल राहते, आणि सैल राहिली की गांडूळ खाली घसरून गळावर गोळा होतं. तुमची पहिली तक्रार इथून सुरू होते.

आधी लीडर तयार करा. दहा ते बारा पाउंडांची फ्लोरोकार्बन दोरी साधारण तीन फूट कापा. ऑक्टोपस नावाने मिळतो तो आखूड दांड्याचा गळ घ्या. चार इंची गांडुळाला १ नंबर, पाच-सहा इंचीला १/०. गळ डोळ्याशी साध्या गाठीने न बांधता दोरी दांड्यावर सात-आठ वेढे घेऊन बांधा. इथले लोक माशाच्या अंड्यांचं आमिष लावायला हीच बांधणी वापरतात. गांडुळासाठी तिचा फायदा असा की ओढ दांड्याच्या रेषेत येते आणि गळ वाकडा लटकत नाही. वेढ्यांवरच्या फासात लोकरीचा एक छोटा झुपका अडकवला तर माशाच्या बारीक दातांत लोकर गुंतते आणि तो आमिष थुंकायला क्षणभर जास्त घेतो. हे मी नेहमी करत नाही, पण पाणी फार थंड असलं की करतो.

गळ बांधून झाला की दोरीच्या मोकळ्या टोकातून पाच-सहा मिलिमीटरचा एक मणी आत सोडा आणि गळापर्यंत सरकवा. हा मणी शोभेचा नाही. तो नसेल तर पहिल्याच झटक्यात गळाचा डोळा रबरात घुसतो आणि गांडूळ उभं फाटतं. मणी असला की गांडूळ त्याच्यावर टेकून राहतं.

आता सुई. गांडुळाच्या डोक्याच्या, म्हणजे जाड आणि बोथट टोकाच्या, बरोबर मधोमध सुईचं टोक ठेवा. गजरा ओवताना आपण फूल सुईवर सरकवतो, सुई फुलात खुपसत नाही. इथेही तसंच. सुई स्थिर धरा आणि गांडूळ तिच्यावर अर्धा-अर्धा इंच सरकवत न्या. प्रत्येक वेळी थांबून उजेडासमोर धरा. गुलाबी रबर थोडं पारदर्शक असतं, आतली सुई सावलीसारखी दिसते. ती एका कडेला सरकलेली दिसली की मागे घ्या आणि पुन्हा घाला. डोक्यापासून दोन तृतीयांश अंतरावर आलात की सुई बाजूने बाहेर काढा. सहा इंची गांडुळात हे चार इंचांवर येतं. शेपटीचे दोन इंच मोकळे राहतात आणि हेच दोन इंच नदीत हलतात.

सुईच्या आकडीत लीडरचं मोकळं टोक दुमडून अडकवा, पट्टी बंद करा आणि सुई डोक्याकडून सावकाश मागे ओढा. दोरी गांडुळाच्या आतून येऊन डोक्यातून बाहेर पडेल. मग ती ओढत राहा, गळ आणि मणी गांडुळाच्या कुशीला येऊन टेकेपर्यंत. ओढायच्या आधी दोरीला पाणी लावा, कोरड्या रबरातून ती चटका देत जाते.

गळ इतका खाली का, डोक्याजवळ का नको, असं विचाराल. डोक्याजवळ लावला तर मासा शेपूट ओढून जातो, फ्लोट, म्हणजे आपल्याकडचं भेंड, दोनदा थरथरतो आणि तुम्ही हात चोळत बसता. अगदी शेपटाच्या टोकाला लावला तर मोकळा भाग उरतच नाही. गांडूळ काठीसारखं वाहतं, आणि गळ कधीकधी घशात खोल जातो, जे सोडून द्यायच्या माशाच्या बाबतीत वाईट. दोन तृतीयांश हे मला बरेच हिवाळे खाडाखोड करून पटलेलं माप आहे. नदीवर अर्ध्यावर लावणारेही भेटतील, आणि ते मासे पकडतातही.

आता घसरण्याचा बंदोबस्त. डोक्यातून दोरी जिथे बाहेर येते, तिथे लाकडी टूथपिकचं टोक दोरीच्या बाजूने पाव इंच आत दाबा आणि वरचा भाग कापून टाका. पाण्यात लाकूड थोडं फुगतं आणि पकड घट्ट होते. मासा लागल्यावर मात्र गांडूळ दोरीवर वर सरकून जातं आणि वाचतं, तेही बरंच. हा उपाय मी कुणाकडून शिकलो नाही, टूथपिक जेवणाच्या डब्यात होती म्हणून सुचला. पुढे कळलं की बास मासे पकडणारे लोक शिशाचे गोळे असेच अडकवतात. म्हणजे शोध माझा नाही.

यानंतर एक परीक्षा आहे, आणि ती कधीही टाळू नका. बाथटब अर्धा भरा. लीडर धरून गांडूळ पाण्यातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालण्याच्या वेगाने ओढा. अंग सरळ राहून फक्त शेपूट डुलली की पास. गांडूळ स्वतःभोवती फिरलं की नापास, सगळं काढून पुन्हा ओवायचं. सुरुवातीला माझी दहातली सहा नापास व्हायची. आमच्या घरी टबमध्ये वाकून बसलेला माणूस बघून सौ. म्हणाल्या होत्या, आंघोळ तरी करून घ्या त्यापेक्षा. पण पिळाची तुमची दुसरी तक्रार या टबातच सुटते. फिरणारं गांडूळ प्रत्येक फेकीला लीडरमध्ये पीळ भरतं. वर स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, असूनही पीळ पडतो, कारण इतक्या हलक्या ओढीवर स्विव्हल नीट फिरतच नाही.

सुई आणि मणी नकोसे वाटत असतील तर सोपा मार्ग आहे, जिग. पाव किंवा अष्टमांश औंसाचं शिशाचं डोकं असलेला गळ घ्या आणि त्याच्यावर तीन-चार इंची गांडूळ चढवा. इथे मात्र काकांचा मोजा बरोबर लागू पडतो. गळाचं टोक कुठून बाहेर येणार ते आधी गांडूळ शेजारी धरून नखाने खूण करा, मगच चढवा. खुणेच्या आधी किंवा नंतर काढलं की मधे कुबड येतं. शिशाच्या मानेवर सुपरग्लूचा एक थेंब टाकला तर दिवसभर हलत नाही. जिगचं टोक वर असतं, त्यामुळे खडकात कमी अडकतं. नवशिक्याने पहिले दोन महिने जिगच वापरावं असं माझं मत आहे. पण तुमची अडचण ओवण्याचीच आहे, आणि संथ पाण्यात ओवलेलं गांडूळ जिगपेक्षा जास्त मोकळं वाहतं, म्हणून एवढं सांगितलं. तिसरा प्रकार म्हणजे गांडुळाच्या मधोमध रबरी कडी घालून तिच्यात गळ अडकवायचा. दोन्ही टोकं लटकून थरथरतात. खोल, जवळजवळ थांबलेल्या डोहात ते छान दिसतं, पण धारेत गेलं की दुमडून इंग्रजी यू होतो आणि गरगरतं.

आता वरची मांडणी. तुम्ही फ्लोटखाली गांडूळ सोडता, तेच चालू ठेवा.  मुख्य दोरी तीस पाउंडांची, पाण्यावर तरंगणारी विणलेली. तिच्यावर आधी सरकणारी अडकण गाठ, जिथे फ्लोट येऊन थांबतो, मग छोटा मणी, मग फ्लोट, मग फ्लोटच्या मापाचं शिसं, मग स्विव्हल आणि तिथून खाली दीड-दोन फूट लीडर. फ्लोटवर अर्धा औंस लिहिलं असेल तर शिसं त्याहून किंचित कमी ठेवा, म्हणजे वरचा रंगीत भाग पाण्याबाहेर उभा राहील. काठी साडेनऊ-दहा फुटांची असावी, कारण लांब काठीने दोरी पाण्यावरून उचलता येते. लीडर मुख्य दोरीपेक्षा कमजोर असणं मुद्दाम आहे. खडकात अडकलं तर तुटेल ते लीडर, फ्लोट परत येईल. तुम्ही वीस पाउंडांचं लीडर लावलंय असं लिहिलंत. ते जाड तर आहेच, शिवाय गांडुळाला मोकळं हलू देत नाही.

खोली हा दुसरा खरा प्रश्न आहे, आणि रंगाच्या कितीतरी आधी येतो. गांडूळ तळापासून एक ते दीड फूट वर वाहायला हवं. स्टीलहेड तळाशी टेकून राहतो आणि वर पाहतो. त्याच्या खालून गेलेलं त्याला दिसत नाही, फार वरून गेलेल्यासाठी तो थंड पाण्यात उठत नाही. अडकण गाठ आधी कमी खोलीवर लावा, मग दर दोन फेकींनी अर्धा फूट खोल न्या. फ्लोट त्याच जागी पुन्हापुन्हा दचकायला लागला आणि त्याची मान प्रवाहाच्या दिशेने झुकली की शिसं तळाला घासतंय. आता एक फूट वर घ्या. मान उलटी, प्रवाहाविरुद्ध झुकत असेल तर तुम्हीच दोरी ओढून धरलीय. मग पाण्यावर पडलेली दोरी काठीने उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका. हे एका वाहण्यात दोन-तीनदा करावं लागतं. पाण्याचा पृष्ठभाग तळापेक्षा जोरात धावतो, दोरी पृष्ठभागावर असते आणि ती फ्लोटला पुढे पळवते. फ्लोट पळाला की खालचं गांडूळ खेचलं जाऊन वर उचललं जातं आणि सगळी मेहनत वाया जाते.

फ्लोट पाण्याखाली गेला की काठी मारायची, म्हणजे झटक्याने वर उचलायची. हा मासा की खडक, असा विचार करायचा नाही. खडकाला मारलेली काठी फुकट असते. माशाला न मारलेली मात्र रात्री झोपू देत नाही.

शिसं तळावर ठोकत न्यायची जुनी पद्धतही आहे. तिच्यात गांडुळाच्या वर एक छोटा तरंगता गोळा ओवतात, म्हणजे गांडूळ तळाच्या दगडांवरून थोडं उचललेलं राहतं. स्नोक्वाल्मीच्या तुम्ही जाता त्या पट्ट्यात लाकडाचे ओंडके फार आहेत. ती पद्धत तिथे शिकायला घेऊ नका, दिवसाला वीस लीडर जातील.

रंग, विचारलाच आहे म्हणून. पाणी हिरवट आणि दोन-चार फूट दिसत असेल तर गुलाबी. पावसानंतर गढूळ असेल तर भडक गुलाबी किंवा नारिंगी. थंडी, ऊन आणि काचेसारखं नितळ पाणी असेल तर फिकट गुलाबी, जांभळं किंवा खऱ्या गांडुळाच्या तपकिरी रंगाचं, आणि आखूड. बस, एवढंच. गुलाबीच का, याचं पटेल असं उत्तर मला कुणी दिलेलं नाही, आणि ज्यांनी दिलं त्यांना सगळ्यांना गांडुळं विकायची होती.

कुठे टाकायचं? सहसा डोहाच्या शेपटाला, जिथे खोल पाणी पुन्हा उथळ होत जातं. जलद धार आणि संथ पाणी एकमेकांना लागून वाहतात त्या रेघेवर. माणसाच्या कमरेएवढ्या मोठ्या दगडाच्या मागे. पाण्याचा वेग आपण चालतो तेवढा, खोली चार ते आठ फूट. चुबकन उडी मारणाऱ्या माशाच्या मागे धावू नका. दिसणारा मासा बहुतेक वेळा न खाणारा मासा असतो.

तुम्हाला उबवणकेंद्रातले मासे हवे असतील, आणि खायचे असतील तर तेच हवेत. मग स्नोक्वाल्मीवर टोकुल क्रीक मिळते त्याच्या आसपास डिसेंबर-जानेवारी, किंवा स्कायकोमिश नदीवर गोल्ड बार गावाजवळ रायटर पाँड्सच्या खाली. दोन्हीकडे पहाटेपासून माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. गर्दी नको असेल तर दुपारी जा. तसं कौलिट्झ नदीवर ब्लू क्रीकलाही जाता येईल, तुमच्याकडून गाडीने साधारण दोन तास. तिथे हंगाम पुढे फेब्रुवारी-मार्चकडे रेंगाळतो. जाण्यापूर्वी नदीच्या पाणीपातळीचा आलेख पाहा. पाऊस होऊन गेलाय, पाणी उतरायला लागलंय आणि गढूळाचं हिरवं होतंय, असा दिवस पकडा. पाणी चढत असेल तर घरी बसून लीडर ओवा. तुमचे चारही शनिवार बहुधा असेच निवडलेले नव्हते, सुटी होती म्हणून गेलात. ते कुणाला चुकलंय.

ओहायो-न्यूयॉर्ककडच्या मंडळींनाही हे वाचता येईल म्हणून एक कंस. ग्रेट लेक्सच्या उपनद्यांत जो स्टीलहेड आहे तो मूळचा याच किनाऱ्यावरचा, एकोणिसाव्या शतकात तिकडे नेऊन सोडलेला. ओवायची रीत तीच. नद्या लहान आणि नितळ, म्हणून गांडूळ तीन इंची आणि लीडर सहा-आठ पाउंडांचं.

मासा लागला तर काय करायचं, हे माहीत असलेलं बरं. पाठीवर मागे, शेपटीच्या अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो. उबवणकेंद्रातल्या माशाचा तो कापलेला असतो आणि जागी बरा झालेला व्रण दिसतो. पर शाबूत असेल तर मासा रानटी, आणि तो सोडायचाच. सोडायचा मासा पाण्याबाहेर पूर्ण उचलणं या राज्यात बेकायदेशीर आहे. म्हणजे छातीशी धरून फोटो नाही. बिनगाठीच्या जाळीत पाण्यातच ठेवा, गळ पकडीने उलटा फिरवून काढा. काटा नसेल तर दोन सेकंदांचं काम. सॅमनबद्दल आपण ऐकलेलं असतं की अंडी घातल्यावर तो मरतो. स्टीलहेड तसा नाही, काही मासे समुद्रात परत जाऊन पुन्हा येतात. तुम्ही सोडलेला मासा दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाचा फ्लोट बुडवेल. वॉशिंग्टनने १९६९ मध्ये त्याला राज्यमासा ठरवलंय, हे मुलांना सांगायला बरं.

ठेवायचा असेल तर पकडपत्रकावर लगेच नोंद करा, घरी जाऊन नाही. कोकमाचं आगळ, हळद आणि तिखट लावून तव्यावर कमी तेलात भाजा, कारण तो स्वतःचं तेल सोडतो. सुरमईसारखा रवा लावायला गेलात तर चव दबते.

कमरेला पट्टा न बांधता वेडर, म्हणजे छातीपर्यंतची जलरोधक विजार, घालून पाण्यात उतरू नका. तिसऱ्या हिवाळ्यात मी स्कायकोमिशवर मांडीभर पाण्यात शेवाळलेल्या दगडावरून घसरलो. पट्टा होता म्हणून वेडर भरला नाही आणि वीस फुटांवर हाताला फांदी लागली. तेव्हापासून काठीच्या पिशवीत एक लाकडी छडीही असते.

फाटलेली गांडुळं नदीत टाकू नका, खिशात पिशवी ठेवा. ती कुजत नाहीत.

आता पुढच्या शनिवारपर्यंत पाच लीडर घरी ओवून एका पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा, गळ आणि मणी लावलेले, प्रत्येक टबात तपासलेलं. नदीवर गार बोटांनी सुई चालत नाही. आणि टबात तरीही फिरत राहिलं, तर गांडुळाचा डोक्याच्या बाजूने जवळून फोटो काढून पाठवा. दोरी मध्यातून निघतेय की कडेने, ते तिथूनच दिसतं.